वड्याचं तेल वांग्यावर

(आषाढातल्या ग्रामसंघाच्या बैठकीत केलेलं हे बोलणं. पेरणीच्या गडबडीत ज्या ताईंना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

ताई, काकू, मावशी आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्ज्यांनो,

तुम्ही मला मॅडम म्हणता, पण वयाने मी तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकीएवढी आहे. माझं लग्न झालेलं नाही, सासर नाही, मुलंबाळं नाहीत. त्यामुळे घरातली चिडचिड, रुसवे-फुगवे यावर मी बोलायचं म्हणजे पोहता न येणाऱ्याने विहिरीच्या काठावरून सूचना देण्यासारखं आहे. म्हणून आधी माझीच एक चूक सांगते. बाकीचं त्यानंतर.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका गटाची बैठक होती. ज्या मावशींबद्दल सांगणार आहे, त्यांना विचारूनच सांगतेय. नाव मात्र घेणार नाही, गावही सांगणार नाही.

त्या दिवशी सकाळी माझी गाडी पंक्चर झाली. रस्त्यात वरिष्ठांचा फोन आला, "माहिती अजून भरली का नाही? बाकीच्यांची झाली, तुमचीच राहिली." मोबाईलला रेंज नव्हती, माहिती भरणार कुठून? पाळीचा दुसरा दिवस होता. पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. अशी मी बैठकीला पोचले. गीत झालं, हजेरी झाली, मागचं इतिवृत्त वाचून झालं. परतफेडीचा विषय निघाला आणि या मावशींचा दुसऱ्या महिन्याचाही हप्ता थकलेला दिसला. मी अकरा बायांसमोर म्हणाले, "मावशी, तुमच्या एकटीमुळे अख्ख्या गटाचं नाव खराब होतंय. जमत नसेल तर कर्ज घ्यायचंच कशाला?"

मावशी काही बोलल्या नाहीत. पासबुक सतरंजीवर ठेवलं आणि उठून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

मग गटाच्या सचिव ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मावशींचा चार वर्षांचा नातू तापाने आजारी होता, हप्त्याचे पैसे दवाखान्यात गेले होते. तरी त्या दिवशी त्यांनी दोनशे रुपये आणले होते, पदराच्या गाठीत बांधून. ती गाठ सोडायलाही मी वेळ दिला नाही.

मी त्यांच्या घरी गेले. मावशी अंगणात तूर पाखडत होत्या. मी म्हणाले, "मावशी, माझं चुकलं." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि जे बोलल्या ते मी आजपर्यंत विसरले नाही. म्हणाल्या, "पोरी, तू वरडलीस त्याचं काय नाही गं. पन मी घरी आले अन् नातवाच्या पाठीत रट्टा घातला. पानी सांडलं एवढंच. तापातनं उठलेलं लेकरू. त्याचं मला लई लागलं."

बघा बरं काय झालं ते. वरिष्ठांवर कुणीतरी वरून ओरडलं असणार. ते माझ्यावर ओरडले. मी मावशींवर ओरडले. मावशींनी नातवाला मारलं. ऑफिसातला राग उतरत उतरत एका लेकराच्या पाठीवर येऊन थांबला, कारण त्याच्या खाली कुणी उरलं नव्हतं. त्याच्यापुढे कुत्र्याचं पिल्लू असतं तर त्याने त्याला लाथ मारली असती.

आपल्याकडे म्हणतात ना, वड्याचं तेल वांग्यावर. माझं आजचं सगळं बोलणं या एकाच गोष्टीवर आहे. मूड जाणं आपल्या हातात नसतं. माणूस आहे, मन बिघडणारच. पण तो पुढच्याच्या हातात द्यायचा की आपल्यापाशी थांबवायचा, हे मात्र बऱ्याचदा आपल्या हातात असतं.

हा महिनाच तसा आहे

जून-जुलैत घरोघरचे चेहरे बघा. शाळा सुरू झाली, वह्या-पुस्तकं, दप्तर, गणवेश. बी-बियाणं आणलं, खताची उधारी झाली. पेरणी केली आणि पावसाने पाठ फिरवली. दुबार पेरणी करावी लागते की काय, ही धास्ती. इकडे आठवड्याचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी घरधनी आभाळाकडे बघत ओसरीवर बसतो आणि भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवतो. भाजीतलं मीठ हे निमित्त असतं. राग पावसावर असतो, पण पावसाला बोलता येत नाही, म्हणून भाजीला बोलायचं.

आपणही तेच करतो. सासूबाई काही बोलल्या की आपण भांडी आपटतो. नवऱ्याने पैसे दिले नाहीत की पोराचा अभ्यास काढतो. कुणी भांडी आपटतं, कुणी घुम्यासारखं गप्प बसतं, कुणी दोन दिवस तोंड फुगवून राहतं. प्रकार वेगळे, तेल तेच.

आधी स्वतःचा हिशोब

बैठकीत आपण आधी मागची शिल्लक बघतो, मगच व्यवहार करतो. तसंच डोकं तापायला लागलं की स्वतःला चार प्रश्न विचारायचे.

पहिला, पोटात काय आहे? बाई सगळ्यांत शेवटी जेवते. त्यात एकादशी, पुढे श्रावणी सोमवार. नुसत्या चहावर दुपारपर्यंत राबलेल्या बाईला चिडचिड होते, त्यात तिच्या स्वभावाचा दोष नसतो. ती भूक असते. उपास करा, पण शेंगदाणे, दूध, फळ, भगर असं काहीतरी पोटात जाऊ द्या.

दुसरा, झोप किती झाली? पहाटे पाचला उठणारी आणि रात्री अकराला पाठ टेकणारी बाई. त्यात लहान लेकरू रात्री दोनदा उठवतं. तीन दिवस अशी झोप झाली की चांगल्या माणसाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

तिसरा, अंग काय सांगतंय? पाळीच्या आधीचे दिवस, पाळी जाण्याचं वय, थायरॉइड, अंगात रक्त कमी असणं, या सगळ्यांत चिडचिड होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आत्ता इथे बसलेल्यांत दोघींमागे एकीचं रक्त कमी असू शकतं. सारखा थकवा, चढ चढताना धाप, डोळ्यांपुढे अंधारी, बारीकसारीक गोष्टीवरून राग, असं असेल तर आशाताईंना सांगा, उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह अंगाला नीट लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या.

चौथा, डोक्यात कोणता आकडा फिरतोय? किती देणं आहे, कुणाचं, कधी? मनात ठेवलेला आकडा रोज वाढतो. तोच कागदावर लिहिला की निदान तेवढाच राहतो. आपल्याला तर हिशोब लिहायची सवय आहे. घरी नवऱ्याबरोबर बसून एकदा लिहून काढा.

हे चार प्रश्न विचारले म्हणून राग जातोच असं नाही. पण तो खरा कशाचा आहे ते कळतं. त्या दिवशी बैठकीच्या आधी मी दोन घास खाल्ले असते आणि स्वतःला म्हटलं असतं, "तुझा राग त्या फोनचा आहे," तर मावशींची गाठ सुटली असती.

सांगून टाका

दुसरी गोष्ट अगदी साधी आहे, पण करताना जड जाते. डोकं फिरलंय हे घरच्यांना तोंडाने सांगायचं. "आज माझं मन ठीक नाही. तुमच्यावर राग नाही. थोडा वेळ मला बोलवू नका." एवढंच.

मुलांना तर हे सांगायलाच हवं. लहानपणी आमच्या घरी वडिलांच्या गाडीचा आवाज आला की आम्ही भावंडं कान द्यायचो. गाडी हळू लावली तर दिवस बरा. स्टँड आपटलं तर वह्या घेऊन आतल्या खोलीत. ते मारायचे नाहीत, फार बोलायचेही नाहीत. पण आम्हाला प्रत्येक वेळी वाटायचं की आपलंच काहीतरी चुकलं. मोठी झाल्यावर कळलं की त्या वर्षांत ते कर्जात होते. "पोरांनो, मला पैशाची काळजी आहे, तुमचं काही चुकलं नाही," एवढं एक वाक्य त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर आमचं किती ओझं उतरलं असतं! मुलांपासून मूड लपत नाही. फक्त कारण लपतं, आणि मग मूल ते कारण स्वतःत शोधतं.

आणि चुकून ओरडलोच, हात उचललाच, तर? तर मुलाला जवळ घेऊन म्हणा, "बाळा, माझं चुकलं. राग दुसरा होता, निघाला तुझ्यावर." मोठ्या माणसाने माफी मागितली म्हणून मान कमी होत नाही. मावशींनी नातवाची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "आजी, मी पन ग्लास दोन हातांनी धरीन." चार वर्षांचं पोर! नवरा-बायकोचं भांडण मुलांसमोर झालं असेल तर मिटवणंही मुलांसमोरच करा. त्यांनी भांडण पाहिलेलं असतं, मिटलेलं पाहायचं राहून जातं.

दुसऱ्याचा मूड

आता तुमच्या मनात आलं असेल, आमचं आम्ही बघू, पण यांचं काय? सासूबाईंचं काय?

दुसऱ्याचा मूड ठीक करणं ही बाईचीच जबाबदारी, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. कुणी तोंड पाडून बसलं की आपण त्याच्याभोवती फिरतो. काय झालं, काय झालं? समोरून येतं, "काही नाही." मग आपणही चिडतो.

"काय झालं" ऐवजी कामाचं विचारून बघा. "खताचं दुकानदार काय म्हणाला?" "वरच्या वावरात ओल किती खोल गेली?" पुरुषांना मनातलं बोलायला कुणी शिकवलेलं नसतं, पण वावरातलं बोलता येतं. वावरातून बोलणं सुरू झालं की कधीकधी मनापर्यंत पोचतं. तेही माणूस जेवल्यावर, दारात पाऊल टाकल्या टाकल्या नको. एकदा विचारायचं, ऐकायचं. नाहीच बोलला तर आपलं काम करायचं, आपलं जेवण जेवायचं. त्याच्या मूडपायी आपण उपाशी राहिलं तर घरात एकाच्या जागी दोन मूड होतात.

सासूबाईंचंही तसंच. म्हातारपणी गुडघे दुखतात, ऐकू कमी येतं, घरात कुणी काही विचारत नाही. त्यातून बोलणं तिखट होतं. "आई, पापडाचं पीठ एवढं पुरेल का बघता?" असं रोज एखाद्या गोष्टीत त्यांना विचारा. सगळीकडे लागू पडेल असं मी म्हणत नाही. पण आपल्या गटातल्या एका वहिनीने हे केलं आणि आता सासूबाईच तिला बैठकीची वेळ झाल्याची आठवण करून देतात.

मूड नाही, मारहाण

इथे एक रेघ ओढते, नीट ऐका. चिडणं वेगळं आणि मारणं वेगळं. मारहाण, रोजच्या घाणेरड्या शिव्या, बाहेर पडू न देणं, कमाई हिसकावून घेणं याला 'त्यांचा स्वभाव तापट आहे' म्हणायचं नाही. तो माणूस सावकारासमोर, साहेबासमोर हात उचलत नाही, बायकोवरच उचलतो. म्हणजे त्याला थांबता येतं. त्यासाठी तुम्ही जास्त समजून घ्यायचं, जास्त गोड बोलायचं, असं मी बिलकूल सांगणार नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. फक्त मारच नाही, मानसिक छळ आणि पैशाची अडवणूकही त्यात येते. त्यासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, आणि जिवाला धोका असेल तर ११२. हे नंबर पासबुकाच्या मागच्या पानावर आत्ताच लिहून घ्या. स्वतःला लागणार नाहीत, पण शेजारणीला लागू शकतात.

मळभ हटतच नसेल तर

दुसरी रेघ. मूड येतो आणि जातो. सकाळी बिघडला, संध्याकाळी शेजारीण आली, हसलो, गेला. पण काही वेळा तो जातच नाही. दोन आठवडे झाले, रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास. झोप लागत नाही किंवा उठावंसंच वाटत नाही. जेवण जात नाही. कशातच मन रमत नाही, गटात यावंसं वाटत नाही. 'मी कुणाच्या कामाची नाही' असं वाटतं. हा नखरा नाही, आळस नाही आणि बाहेरचंही काही नाही. हा आजार असू शकतो, आणि त्याला औषधपाणी आहे. बाळंतपणानंतरही असं होतं. ओली बाळंतीण सारखी रडत असेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर तिला नावं ठेवू नका, दवाखान्यात न्या.

'टेलिमानस' नावाची सरकारची फोनसेवा आहे, नंबर १४४१६. ती २०२२ साली सुरू झाली. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितलं तरी ते पुढची वाट दाखवतात.

आणि घरातलं कुणी, बाई असो की गडी, "आता जगून काय करायचं" असं म्हणायला लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने मनात नसलेलं येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, त्याच्याजवळ बसूनच १४४१६ लावा. फवारणीची औषधं घरात उघड्यावर ठेवू नका. पेटीत कुलूप लावून ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. फवारणीचे दिवस तोंडावर आलेत, हे काम आजच करा. वाईट घटका टळली की माणूस वाचतो.

शेवटी

मावशी आता बैठकीला येतात. राहिलेले हप्ते गटाने तीन महिन्यांत विभागून दिले, तो ठरावही झाला. पण त्या गटाने आणखी एक गोष्ट सुरू केली, तीच तुम्हाला सांगायला मी आज उभी राहिले.

हजेरी घेताना नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं आणि पुढे एकच शब्द जोडायचा, 'बरं' किंवा 'जड'. कारण विचारायचं नाही. जिचं 'जड' येईल तिला त्या दिवशी कुणी टोचून बोलायचं नाही, आणि बैठक संपल्यावर एकीने तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जायचं. तिने बोललं तर ऐकायचं, नाही बोलली तर नुसतं चालायचं. याला वेळ लागत नाही, पैसे लागत नाहीत, ऑफिसला कुठली माहितीही भरावी लागत नाही.

मागच्या बैठकीत मावशींचं नाव पुकारलं. "हजर. जड." सगळ्या गप्प झाल्या. मग हजेरी घेणाऱ्या ताईंनी शेवटी माझंही नाव पुकारलं, "आणि मॅडम?" मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या दिवशी परत तोच फोन येऊन गेला होता. मी म्हणाले, "हजर. जड." परतीच्या वाटेवर मावशी माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आल्या. दोघीही फार काही बोललो नाही. गाडी सुरू करताना त्यांनी पदराची गाठ सोडली आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. म्हणाल्या, "खाऊन घे आधी. उपाशीपोटी पुढच्या गावाला जाऊ नको. तिथल्या बायांनी काय पाप केलंय?"

तुमच्या गटात हे करून बघा. पुढच्या बैठकीला मी येईन तेव्हा माझंही नाव पुकारा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक